झाडांचं आजोळ

डोंबिवली पूर्व
१६ फेब्रुवारी २०२५

अद्वय,

फोनवर तू "बरं आई, ठेवतो" म्हणतोस आणि माझं निम्मं बोलणं तोंडातच राहतं. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही, म्हणून लिहायला बसले. तेहतीस वर्षं पोस्टात लोकांचं टपाल हाताळलं आणि पोटच्या मुलाला पहिलं पत्र सदुसष्टाव्या वर्षी लिहितेय. डब्लिनला पोचायला तीन आठवडे धरा, असं काउंटरवरची मुलगी म्हणाली. तीन तर तीन.

गेल्या रविवारी तू विचारलंस, रसिका अजून तुझ्याकडे येते का. मी "अधूनमधून" म्हटलं. ते खरं नाही. रसिका रोज येते. सकाळी सातला येते, गच्चीवर जाते, अकरापर्यंत तिथेच असते, संध्याकाळी पुन्हा दोन तास. तुमचा घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली आणि तुझी आधीची बायको तुझ्या आईकडे रोज चहा पिते, हे तुला आवडणार नाही. पण कसं झालं ते एकदा नीट ऐक.

इथून गेली तेव्हा ती दोन बॅगा घेऊन गेली. गच्चीवरच्या तिच्या एक्केचाळीस कुंड्या राहिल्या. मी त्यांना पाणी घालत होते, दिवसातून तीनदा, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. काही महिन्यांनी ती कुंड्या न्यायला आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. मग दोघी गच्चीवर गेलो. तिने एका कुंडीत बोट खुपसलं, बाहेर काढून वास घेतला आणि म्हणाली, "आई, एवढं पाणी? पोहायला शिकवताय का यांना?"

आम्ही दोघी हसलो. आणि मग दोघींनाही अवघडल्यासारखं झालं.

कुंड्या न्यायच्या कुठे, हाच प्रश्न होता. मानपाड्याला वडिलांच्या चाळीत दोन खोल्या, खिडकी एक, तिच्यावर कारखान्यांची काळी पूड बसते. मीच म्हटलं, राहू देत इथे, तू रविवारी येत जा. तेव्हा ती ठाण्याला एका बिल्डरच्या ऑफिसात फोन घ्यायचं काम करत होती. आधीची चांगली नोकरी तिने तुझ्याकडे यायचं म्हणून सोडली होती, ते तुला माहीतच आहे.

मागच्या एप्रिलात तिसऱ्या मजल्यावरची अंतरा दीड महिना नागपूरला माहेरी जाणार होती. तिच्या बाल्कनीतली अकरा झाडं रसिकाने सांभाळली. परत आल्यावर अंतराने तिच्या हातात पाकीट ठेवलं आणि रसिकाने ते घेतलं. अंतरा गेल्यावर मी तिला बोलले. म्हटलं, "शेजारपाजारी पाणी घालायचे पैसे घेतात का कोणी?"

ती म्हणाली, "पाणी कोणीही घालतं आई. कधी घालायचं नाही ते मला कळतं. त्याचे घेतले."

अंतराच पुढे सगळ्यांना सांगत सुटली की माझी झाडं आजोळी राहून आल्यासारखी गुटगुटीत झालीत. तेच नाव पडलं. आता गावाला, परदेशी, बाळंतपणाला जाणारे लोक आपली झाडं रसिकाच्या आजोळी ठेवतात. बिल्डरची नोकरी तिने नोव्हेंबरात सोडली. सोसायटीचा सेक्रेटरी विनीत, त्याने गच्चीची परवानगी दिली आहे, लेखी. आज गच्चीवर एकशे सहा कुंड्या आहेत आणि त्यातली प्रत्येक कोणाची, हे ती न बघता सांगते.

लग्न झालं तेव्हा मी तुला म्हणाले होते की शिकलेली मुलगी आणि सारखे मातीत हात. ते मी परत घेते.

वरून हाक आली. जाते.

आई


३० मार्च २०२५

अद्वय,

पत्र मिळालं असं तू मोबाइलवर कळवलंस. "ती तुझा वापर करून घेतेय, लोक काय म्हणतील," एवढंच लिहिलंस. लोक म्हणतात, आमचा मोगरा ठेवून घ्याल का. दुसरं काही म्हणत नाहीत.

वापराचं म्हणशील, तर तिने मला गच्चीचं भाडं विचारलं होतं. गच्ची माझी नाही, म्हणून मी नको म्हटलं, तर ती थेट विनीतकडे जाऊन सोसायटीशी ठरवून आली. मी सकाळी वर जाते ती माझ्या हौसेने. मला आता कुंड्यांवर चिकटवायच्या पट्ट्या लिहायचं काम असतं. माझं अक्षर तिला आवडतं.

परवा तिच्याबरोबर ठाण्याला बाळकुमला गेले होते. तिथे आता अठ्ठावीस मजल्यांच्या इमारती आहेत. तिची तिथे सात गिऱ्हाइकं आहेत. देवरामचा टेम्पो ठरलेला असतो. देवराम मानपाडा गावातला, माझ्याच वयाचा, झाडं असली की खड्ड्यातून टेम्पो असा काढतो जशी काही गाडीत बाळंतीण बसली आहे.

खाली प्रवेशाच्या दालनात तिथल्या मॅनेजरने तिला थांबवलं. म्हणाला, "मॅडम, इथे मोठी झाडं ठेवायचीत, वीसेक. दर महिन्याचं काम देतो तुम्हाला."

तिने वर बघितलं, भिंतीला हात लावला, म्हणाली, "सर, इथे ऊन कधीच येत नाही. मी ठेवलेली झाडं दोन महिन्यांत मरणार, मग मी दुसरी आणणार, तीपण मरणार. तुम्ही चित्रं लावा ना."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अगं, घरबसल्या काम चालून आलेलं." ती म्हणाली, "ते झाडं मारायचं काम होतं आई."

मग चौदाव्या मजल्यावर मधुकर चौबळांकडे गेलो. वय एकोणऐंशी, ठाण्याच्या कोर्टात लघुलेखक होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बडोद्याला मुलीकडे जातायत, दोन महिने. घरात झाड एकच, अनंताचं. एकोणीस वर्षांपूर्वी बायकोने लावलेलं. त्या जाऊन दोन वर्षं झाली.

रसिका झाड घेताना डॉक्टरसारखे प्रश्न विचारते. ऊन कुठल्या बाजूने येतं, पाणी कधी, कुठलं. खिडकीकडच्या बाजूला कुंडीवर खडूने खूण करते, म्हणजे परत देताना झाडाचं तोंड त्याच दिशेला ठेवता येतं. शेवटी तिने विचारलं, "काका, याच्याशी बोलता का?"

"मी नाही बोलत. ती बोलायची. मी फक्त शेजारी बसून पेपर वाचतो."

"मनात?"

"मोठ्याने. तिला वाचून दाखवायची सवय होती, ती राहिली."

रसिका हसली नाही. तिने मला पट्टीवर लिहायला सांगितलं: अनंत, चौबळ, पिण्याचंच पाणी, रोज पेपर. आणि अद्वय, ती खरोखर सकाळी गच्चीवर पाच मिनिटं त्या झाडापुढे उभी राहून ठळक बातम्या वाचते. मी विचारलं, झाडाला काय कळतंय? म्हणाली, "झाडाचं माहीत नाही. पण मी सांगते म्हटलंय त्यांना."

असं माणूस आपल्या घरात पाच वर्षं होतं.

आई


१८ मे २०२५

अद्वय,

उन्हाळा कडक आहे. पाणी एक दिवसाआड येतं, बाकी टँकरवर चाललंय. रसिका चुलत बहिणीच्या लग्नाला राजापूरकडे गावी गेली आहे, बारा दिवस. दोन वर्षांत पहिल्यांदा सुट्टी घेतली तिने. गच्ची माझ्यावर सोपवली आहे. सुट्टीचे दिवस असल्यामुळे कुंड्या एकशे साठच्या घरात आहेत. मी सगळं नीट बघतेय. एका झाडाची पानं जरा पिवळी पडलीत, पण मी खत घातलंय, येईल वर. त्यासाठी तिला लग्नघरात फोन करायला नको.

तू विचारलंस, तिला "ते" कळलं आहे का. नाही. तू बोलू नकोस म्हणालास, मी बोलले नाही. इतकी वर्षं नाही बोलले, आता काय बोलणार. काळजी करू नकोस.

बाकी ठीक. गुडघा कुरकुरतो, जिना जपून चढते.

आई


३ जून २०२५

अद्वय,

मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं नव्हतं. आता लिहिते.

पिवळं पडलेलं झाड चौबळांचा अनंत होता. रसिका जाताना बजावून गेली होती की याला टँकरचं पाणी चालत नाही, खारट असतं, आपलं पिण्याचंच घाला. दोन दिवस घातलं. तिसऱ्या दिवशी माठ आणि पिंप बघितलं आणि वाटलं, माणसांना पुरत नाही तिथे झाडाला कुठलं. टँकरचं घातलं. रोज घातलं. पानं पिवळी दिसल्यावर घाबरून आणखी घातलं, वर मूठभर खत. कळ्या गळल्या, मग पानं. आठव्या दिवशी नुसत्या काटक्या.

मी काय केलं असेल? रिक्षा करून कल्याणला एका नर्सरीत गेले, तेवढ्याच उंचीचा अनंत आणला आणि चौबळांच्या कुंडीत लावला. खडूची खूण पुसू दिली नाही. जुनं झाड पाण्याच्या टाकीमागे टाकून दिलं.

रसिका आली ती आमसुलं, कुळथाचं पीठ घेऊन. गच्चीवर जाऊन आली, चहा प्यायली, लग्नाच्या गमती सांगितल्या. मला वाटलं निभावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलं, "आई, चौबळकाकांचं झाड कुठेय?"

"आहे की तिथेच."

"कुंडी आहे. झाड कुठेय?"

मी तिला टाकीमागे नेलं. ती खाली बसली. नखाने खोड खरवडलं, खाली मुळापर्यंत खरवडत गेली. सगळीकडे तपकिरी. म्हणाली, "कधी पिवळं पडायला लागलं?"

"तू गेल्यावर पाचव्या दिवशी."

"तेव्हा फोन केला असता तर मी सांगितलं असतं, कुंडीतून काढा, मुळं धुवा, सावलीत ठेवा. वाचलं असतं बहुतेक."

आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मी आपली समजूत घालायला लागले. म्हटलं, "अगं, म्हातारा माणूस, डोळ्यांनी अधू, त्यांना काय कळणार? कुंडी तीच, झाड त्याच जातीचं. त्यांना कशाला दुखवायचं?"

ती उठली, हात धुतले. म्हणाली, "त्यांना नाही कळणार. मला कळलंय ना."

जरा बऱ्या दिसत होत्या अशा सहा फांद्या तिने कापून लावल्या होत्या. आज दहा दिवस झाले. एकही लागली नाही.

चौबळ आठ तारखेला येतायत.

आई


२२ जून २०२५

अद्वय,

हे पत्र वाचून तुला राग येणार आहे. तरी शेवटपर्यंत वाच.

आम्ही रविवारी बाळकुमला गेलो. रसिकाने मला येऊ नका म्हटलं होतं, मी ऐकलं नाही. चौबळांची कुंडी तिने रिकामी करून घासली होती आणि वाळलेलं झाड मुळं धुऊन गोणपाटात गुंडाळलं होतं. चौबळांनी दार उघडलं, काळा चष्मा होता. आमच्या मागे बघितलं, झाड दिसतंय का म्हणून.

रसिका उंबऱ्यातच म्हणाली, "काका, झाड मेलं. माझ्याकडे असताना मेलं."

मी म्हटलं, "तिचा दोष नाही, ती गावी होती, मीच..."

"आजोळ माझं आहे," रसिका मला म्हणाली, "मला बोलू द्या."

चौबळ खुर्चीत बसले. "दाखवा," म्हणाले. तिने गोणपाट सोडलं. त्यांनी खोडावरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. "कशाने?"

तिने सांगितलं. टँकरचं पाणी, खत, सगळं. मला वाटलं इथे थांबेल. ती थांबली नाही. म्हणाली, "आणि दुसरं झाड आणून या कुंडीत लावलं होतं. ते मी काढलं."

चौबळांनी गोणपाट पुन्हा नीट गुंडाळलं. मग म्हणाले, "तसंच ठेवलं असतं तर मला कळलं नसतं. डोळा हा असा."

"हो."

"मग सांगितलंत कशाला?"

"तुम्ही रोज त्याच्या शेजारी बसून पेपर वाचला असता काका. कोणाला वाचून दाखवताय, ते तुम्हाला माहीत नको?"

त्यांनी मान वळवली. "या तुम्ही आता," म्हणाले. दार आम्हीच लावून घेतलं.

टेम्पोत देवराम, मी आणि ती, एकमेकांना चिकटून बसलेलो. ती रडत नव्हती. मी तिच्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं की मी या मुलीला ओळखतच नव्हते. आपण ज्या गोष्टीला मनाचा चांगुलपणा म्हणतो, दुसऱ्याला दुखवू नये म्हणून गप्प बसणं वगैरे, ते तिच्यापुढे किती स्वस्त दिसत होतं.

संध्याकाळी ती गच्चीवर पाणी घालत होती. मी वर गेले आणि म्हटलं, "रसिका, अद्वयचं मला आधीपासून ठाऊक होतं."

सगळं सांगितलं. ती तुझ्याकडे यायची तयारी करत होती तेव्हा, नोव्हेंबरात, तू फोन करून तिकडे दुसरी कोणी आहे म्हणालास. मी जुळवून सांगतो, तोवर तू बोलू नकोस, म्हणालास. मी बोलले नाही. जानेवारीत तिने नोकरीचा राजीनामा लिहिला तो आपल्या जेवणाच्या टेबलावर, मी शेजारी मटार सोलत होते. तिने थंडीचे कपडे आणून मला दाखवले, मी रंग छान आहे म्हटलं. व्हिसाच्या कागदांवर माझ्याकडून सही घेतली. तू जुलैत सांगितलंस. तोवर मी रोज तिच्याबरोबर जेवत होते.

ती पाणी घालतच होती. एवढंच विचारलं, "किती महिने?"

"आठ."

तिने झारी रिकामी केली, उपडी ठेवली आणि जिना उतरून गेली. मी कठड्यावरून बघितलं. रस्त्यात थांबली नाही.

तू म्हणशील, मी शब्द मोडला. मोडला. तो शब्द मी तुला द्यायलाच नको होता.

आई


१७ ऑगस्ट २०२५

अद्वय,

फोनवर तू जे बोललास ते मी ऐकून घेतलं, कारण त्यातलं काही खरं होतं. तुझा विश्वासघात केला, हे खरं. तिच्यासाठी मुलाला तोडलं, हे खरं नाही. त्यानंतर तू फोन उचलत नाहीस. पत्र तरी उघडत असशील असं धरून चालते.

रसिका रोज येत राहिली. वेळ तीच. थेट गच्चीवर जायची, थेट खाली. चहा नाही. "आई" म्हणणं थांबलं. काही सांगायचं असलं तर "ऐकलंत का" म्हणायची. तरी एका झाडाला पाणी चुकलं नाही.

बाळकुमला व्हायचं ते झालं. त्या इमारतींच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की ही बाई झाडं मारते आणि बदलून देते. सातपैकी पाच घरांनी झाडं परत नेली. ती स्वतः पोचवून आली, खडूच्या खुणेप्रमाणे तोंड करून ठेवून आली. देवरामने मला सांगितलं. म्हणाला, "बाय, एक सबूद उलट बोलली नाय ती."

मी चौबळांना फोन करायला निघाले होते. रसिकाने बघितलं आणि म्हणाली, "नका करू. त्यांना जे वाटतं ते त्यांना वाटू द्या."

मग जुलैच्या शेवटी चौबळांनीच त्या ग्रुपवर लिहिलं. अंतराची मावशी तिथे राहते, तिने मला वाचून दाखवलं. कोर्टातल्या माणसासारखं लिहिलं होतं: झाड मेलं हे सत्य आहे. ते मेल्याचं आणि बदलल्याचं तिने स्वतः घरी येऊन सांगितलं, हेही सत्य आहे. मला विचारणाऱ्यांनी दोन्ही नोंदवून घ्यावं. त्याखाली कोणी काही लिहिलं नाही. पण त्या आठवड्यात दोन घरांचे फोन आले.

आता मुख्य सांगायचं ते. आजोळ इथून हललं. देवरामच्या घरामागे मानपाडा गावात मोठं आंगण आहे, आणि विहीर आहे, गोड्या पाण्याची. ते तिने भाड्याने घेतलं. चार दिवस टेम्पोच्या खेपा चालल्या होत्या. विनीत आणि मी कुंड्या जिन्यावरून खाली देत होतो. शेवटच्या खेपेला ती माझ्यासमोर उभी राहिली.

"तुमच्यावर राग आहे म्हणून नेत नाहीये," म्हणाली. "राग आहे. पण नेतेय ते पाण्यासाठी."

मी म्हटलं, "बरोबर आहे."

"तिच्या त्या एक्केचाळीस कुंड्या तरी ठेवायला सांगायच्या होत्या," विनीत नंतर मला म्हणाला. त्या तिच्याच होत्या, मी काय सांगणार? मी गच्ची झाडून काढली. कुंड्यांच्या जागी गोल डाग राहिलेत, ते घासून जात नाहीत. सकाळी सातला जाग येते आणि करायला काही नसतं.

तिचं बरं चाललंय असं देवराम सांगतो. मी अजून गेले नाही. तिने बोलावलेलं नाही.

आई


९ नोव्हेंबर २०२५

अद्वय,

विनीतकडून कळलं की तू वीस डिसेंबरला येतोयस, तुम्ही दोघं. त्याला कळवलंस, मला नाही. चालेल. घर तुझंच आहे. पण त्याआधी तुला इथली परिस्थिती माहीत असलेली बरी.

दिवाळीच्या दहा दिवस आधी रसिकाचा फोन आला. आजोळ हललं त्यानंतरचा पहिला. प्रकृती विचारली नाही, प्रस्तावना नाही. म्हणाली, "सकाळी सात ते अकरा माणूस पाहिजे. पाणी, आणि नवीन झाडं येतील त्यांच्या पट्ट्या लिहायला. पगार देणार. जमेल का तुम्हाला?"

मी म्हटलं, "मला विचारतेस?"

"दोघींना आधी विचारलं, त्यांना नाही जमत."

हे तिने सांगायची गरज नव्हती, पण ती तशीच आहे. मी कधीपासून येऊ विचारलं. म्हणाली, "सोमवार. एक अट आहे. झाड आजारी वाटलं की त्याच मिनिटाला मला सांगायचं. चूक कोणाची का असेना."

मी सोमवारी गेले. रिक्षाने दहा मिनिटं लागतात. तुला ती जागा दाखवायला हवी. जांभळाखाली सावलीची झाडं, विहिरीकडे उन्हातली, मध्ये पेव्हर ब्लॉकची वाट. दिवाळीच्या सुट्टीत दोनशे साठ कुंड्या होत्या. एका बाजूला दवाखाना: कीड लागलेली, कुजलेली, कोणीतरी प्रेमाने बुडवलेली. तिथे ती दुपारपर्यंत मांडी घालून बसते, चष्मा कपाळावर, आणि एकेक पान उलटून बघते. वडील निवृत्त झालेत, तेही येतात, रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस आता खतं चाळतो. काल ठाण्याहून एक बाई अर्धमेली जास्वंद घेऊन आल्या. रसिका म्हणाली, "पंधरा दिवस द्या. नाही जगली तर फोन करीन, जगली तरी करीन." बाई कुंडी ठेवून निघून गेल्या, मागे वळून न बघता. एवढा विश्वास मी पोस्टाच्या रजिस्टर्ड खिडकीवरसुद्धा बघितला नव्हता.

चौबळही येऊन गेले, दुसऱ्या डोळ्यासाठी निघाले होते. शेजाऱ्यांची दोन झाडं आणून दिली. विहिरीत डोकावले, ओंजळभर पाणी चाखलं, "बरं आहे" म्हणाले. मला ओळखलं, मान हलवली. तेवढंच.

माझ्या तिसऱ्या दिवशी पाइप ओढताना कोणाच्या तरी अडेनियमची फांदी मोडली. चांगली जाड फांदी, दोन कळ्या होत्या. आजूबाजूला कोणी नव्हतं. अद्वय, मी त्या फांदीकडे बघत किती वेळ उभी होते सांगता येत नाही. मग दवाखान्यात गेले आणि म्हटलं, "माझ्या हातून अडेनियम मोडलं."

रसिका उठली, येऊन बघितलं. कापाला हळद लावली. "पट्टीवर लिहा," म्हणाली, "तारीख घाला. मालकांना मी संध्याकाळी सांगते." आणि परत कामाला बसली. मी पट्टी लिहिली. अक्षर नीट आलं.

तिने मला माफ केलंय का, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही, विचारणार नाही. अकरा वाजता ती सगळ्यांना चहा देते, त्यात माझाही कप असतो.

परवा एका गिऱ्हाईक बाईंनी माझ्याकडे बघून तिला विचारलं, "या तुमच्या सासूबाई का?"

रसिका पट्टी चिकटवत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही. या टिपणीसबाई. माझ्याकडे कामाला आहेत."

मला वाईट वाटेल असं तुला वाटत असेल. नाही वाटलं. आपलं आडनाव धरून त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी पुढची कुंडी घेतली.

तर तुम्ही याल तेव्हा सात ते अकरा मी घरी नसेन. नाताळात लोक गावाला जातात, रविवारीही सुट्टी मिळायची नाही. तुला रसिकाला भेटावंसं वाटलं, तर तिला आधी फोन करून विचार, आणि ती नाही म्हणाली तर तिथेच सोड. मी मध्ये पडणार नाही. दूध फ्रिजमध्ये असेल, पोहे भिजवून ठेवीन. फोडणी तुम्ही घाला.

आई